पाटावर बसलेल्या माणसाला लागलेला शॉक

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे : घरातील वीज

प्रत्येक घरात मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा, असे या सदरात गेल्या अंकात लिहिले होते. आरसीसीबी म्हणजे बोर्डात एमसीबीच्या (प्रवाह फार वाढला की वीज तोडणाऱ्या खटक्याच्या) शेजारी बसणारा, ‘टेस्ट’ असे लहानसे बटण असलेला आणि विजेची गळती झाली की ‘पडून’ पुरवठा तोडणारा खटका. जुन्या सवयीने बहुतेक जण त्याला ईएलसीबीच म्हणतात. तो लेख वाचून अनेकांनी आरसीसीबी बसवून घेतला, याचा आनंद आहे. पण त्यानंतर आलेल्या पत्रांवरून असे दिसते की, हा खटका बसवला म्हणजे घरात आता शॉक लागूच शकत नाही, असा समजही त्याच्याबरोबर घरात शिरला आहे. तो समज धोक्याचा आहे, आणि त्याला काही अंशी माझे अपुरे लिहिणे कारण झाले असेल, म्हणून या वेळी फक्त याच विषयावरची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी चांगल्या कंपनीचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गेल्या महिन्यात माझे थोरले बंधू मिक्सर उघडून पाहत होते. शॉक लागू नये म्हणून ते मुद्दाम लाकडी पाटावर बसले होते. चालू वायरीचे सोललेले एक टोक डाव्या हातात आणि दुसरे उजव्या हातात आले आणि त्यांना जबर शॉक बसला. हात सुटेनात. वहिनींनी धावत येऊन बटण बंद केले म्हणून निभावले. आरसीसीबी शेवटपर्यंत पडला नाही. त्यावरचे टेस्टचे बटण दाबले की मात्र तो लगेच पडतो. तो बदलून घ्यावा का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आपले बंधू वाचले, हे फार बरे झाले. आरसीसीबी बदलू नये. तो बिघडलेला नाही आणि त्याच्या जागी कितीही महागडा दुसरा आणला असता, तरी तोही पडला नसता.

याचे कारण त्याच्या रचनेत आहे. आरसीसीबीच्या आत एक लोहचुंबकीय कडे असते आणि घरात जाणारी फेज व घरातून परत येणारी न्यूट्रल अशा दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. जाताना जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतात आणि कडे स्वस्थ राहते. गेलेल्या प्रवाहातला काही भाग न्यूट्रलने न येता दुसऱ्या वाटेने, म्हणजे भिंतीतून, अर्थच्या तारेतून किंवा माणसाच्या पायांखालच्या जमिनीतून निघून गेला, तर हिशेब जुळत नाही, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि तिच्या जोरावर खटका पडतो. आरसीसीबीला एवढे एकच कळते : जेवढे गेले तेवढे परत आले की नाही. वाटेत मिक्सरची मोटर आहे की माणसाची छाती आहे, हे त्याला कळण्याचा काहीही मार्ग नाही.

आपल्या बंधूंच्या बाबतीत प्रवाह एका हातातून शिरला, छातीतून गेला आणि दुसऱ्या हातातून न्यूट्रलच्या तारेत परतला. कोरड्या पाटामुळे जमिनीकडे जाणारी वाट बंद होती. त्यामुळे गळती झाली नाही आणि गळती नाही म्हणून आरसीसीबी पडला नाही. ज्या पाटाने त्यांचे एका प्रकारच्या शॉकपासून रक्षण केले, त्याच पाटाने दुसऱ्या प्रकारच्या शॉकमध्ये आरसीसीबीला आंधळे केले. एमसीबीकडूनही आशा ठेवता येत नाही. ती १६ किंवा २० अँपिअरवर बेतलेली असते आणि माणसाच्या शरीरातून त्या वेळी जाणारा प्रवाह जेमतेम पाव अँपिअर असतो. थोडक्यात, फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा माणसाच्या हातांत आल्या, तर त्याला वाचवणारे कोणतेही साधन सर्वसाधारण घराच्या बोर्डात नसते.

याचा अर्थ ओल्या फरशीवर अनवाणी बसून दुरुस्ती करावी, असा कृपया कोणी घेऊ नये. जमिनीकडे थोडी वाट मोकळी असली, तरी गळती पुरेशी असेलच, असे नाही. पायांत चपला असतील तर जमिनीत आठ-दहा मिलिअँपिअर आणि छातीतून दोनशे, अशीही वाटणी होऊ शकते, आणि तेवढ्या गळतीवर आरसीसीबी पडत नाही. उपाय एकच आहे आणि तो जुनाच आहे : उपकरण उघडण्यापूर्वी पिन सॉकेटमधून काढून समोर, डोळ्यांना दिसेल अशी ठेवावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले मला अनेकदा आढळले आहे. तसे असेल तर बटण बंद असतानाही उपकरणाच्या आतपर्यंत फेज पोहोचलेली असते.

याच जातीचा आणखी एक धोका मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतो. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे सुमारे दोन हजार व्होल्ट करतो आणि त्या उच्च दाबाच्या बाजूला लागलेला शॉक तिथल्या तिथेच फिरतो. बोर्डातल्या कड्यापर्यंत त्याची वार्ताही जात नाही. पिन काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून मायक्रोवेव्ह घरी उघडूच नये.

प्रश्न : आमच्या इमारतीला चाळीस वर्षे झाली. गेल्या वर्षी आम्ही आरसीसीबी बसवला. परवा आईने न्हाणीघरात गिझरच्या नळाला हात लावला, तिला सणसणीत झटका बसला, ती मागे पडली आणि तिचे मनगट मोडले. आरसीसीबी पडला होता. तो पडला, तर शॉक बसलाच कसा? मी दर महिन्याला न चुकता टेस्टचे बटण दाबून पाहतो. त्यात अर्थिंगही तपासले जाते ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आईंचे मनगट मोडले, पण त्या आज आपल्यासमोर आहेत, त्याचे श्रेय बहुधा त्या आरसीसीबीलाच आहे. तरीही आपला प्रश्न अगदी रास्त आहे.

आरसीसीबी शॉकचा जोर कमी करत नाही, तो फक्त शॉकचा वेळ कमी करतो. ‘३० मिलिअँपिअर’ या आकड्यामुळे अनेकांना वाटते की, शरीरातून त्याहून जास्त प्रवाह जाणारच नाही. तसे नाही. ओल्या हातापासून ओल्या पायापर्यंत शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो, आणि आरसीसीबी असला तरी पहिल्या क्षणी तेवढाच जातो. भारतीय मानक १२६४० प्रमाणे ३० मिलिअँपिअरच्या खटक्याने नेमक्या ३० मिलिअँपिअर गळतीला ०.३ सेकंदाच्या आत आणि पाचपट, म्हणजे १५० मिलिअँपिअरला, ०.०४ सेकंदाच्या आत पडणे अपेक्षित आहे. हृदयाचे ठोके बिघडवायला (वैद्यकीय भाषेत व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन) एवढ्या प्रवाहाला सहसा याहून जास्त वेळ लागतो, आणि त्या फरकावरच हे सारे संरक्षण उभे आहे. पण ०.०४ सेकंद म्हणजे आपल्या विजेची दोन पूर्ण आवर्तने होतात. तेवढ्यात स्नायू आखडतात, माणूस दचकून फेकला जातो, आणि न्हाणीघराची ओली फरशी, शिडी, गच्चीचा कठडा यांपैकी जे जवळ असेल ते त्याला इजा करते. अशा पडण्यापासून आरसीसीबी वाचवू शकत नाही.

कमी प्रवाहाचा भागही लक्षात घेण्यासारखा आहे. ३० मिलिअँपिअरचा खटका १५ मिलिअँपिअरपर्यंत पडता कामा नये, असे मानकच सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातात धरलेली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा मोजली होती. ती पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सरासरी १०.५ मिलिअँपिअर भरली. म्हणजे १२-१४ मिलिअँपिअर जात असताना एखाद्या बाईंची मूठ उघडणार नाही आणि आरसीसीबीही पडणार नाही, हे शक्य आहे. अमेरिकेत याच कारणाने सॉकेटमधले संरक्षण ४ ते ६ मिलिअँपिअरवर ठेवलेले असते. आपल्याकडे ३० हा आकडा मान्य आहे आणि तो सर्वसाधारणपणे जीव वाचवतो, पण वेदना आणि पकड यांपासून सुटका करण्याचे वचन त्यात नाही.

आता आपल्या पत्रातल्या खऱ्या दोषाकडे येतो. आईंनी हात लावेपर्यंत आरसीसीबी थांबला, यावरून आपल्या गिझरला अर्थिंग मिळत नाही, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. अर्थिंग धड असते, तर गिझरच्या एलिमेंटमधून टाकीच्या धातूत वीज उतरली त्याच क्षणी ती अर्थच्या तारेने जमिनीत गेली असती, हिशेब तिथेच चुकला असता आणि न्हाणीघरात कोणी नसतानाच आरसीसीबी पडला असता. अर्थची तार नसल्यामुळे वीज टाकीत आणि नळात वाट पाहत बसली आणि आईंच्या शरीरातून तिला पहिली वाट मिळाली. अर्थिंग नसलेल्या घरात आरसीसीबी पडतो तो माणसाला शॉक बसल्यामुळे पडतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नुसते अर्थिंग आहे आणि आरसीसीबी नाही, हेही पुरेसे नाही. सोसायटीच्या आवारातल्या, अर्थची तार जिथे जमिनीत जाते त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्याचा रोध ५० ओहम असला, तर गिझरच्या दोषामुळे अर्थमध्ये सुमारे साडेचार अँपिअर जातील, १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि गिझर तसाच जिवंत राहील. त्याच खड्ड्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तत्काळ पडेल. या दोघांना एकमेकांची गरज आहे.

टेस्टच्या बटणाविषयी आपला समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. बटण दाबल्यावर खटक्याच्या आतच एका रोधातून थोडा प्रवाह कड्याला वळसा घालून नेला जातो. त्यातून खटक्याची यंत्रणा हलते की नाही, एवढेच कळते. अर्थच्या तारेचा त्या परीक्षेशी काहीही संबंध नाही. घरात अर्थची एकही तार नसली, तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी झोकात पडेल. दर महिन्याला बटण दाबण्याची आपली सवय चांगली आहे आणि ती सोडू नये, कारण वर्षानुवर्षे न हललेला खटका आतून चिकटून बसतो. पण अर्थिंगसाठी परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध आणि प्रत्येक सॉकेटवर आरसीसीबी टेस्टरने पडण्याचा वेळ मोजून घ्यावा. काही वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून परीक्षा करतात. ती पद्धत करू देऊ नये. अर्थची तार पुढे कुठे तुटलेली असेल, तर त्या दिव्यातून घरातल्या सगळ्या उपकरणांच्या धातूच्या अंगात वीज उतरते.

जुन्या इमारतींमध्ये आणखी एक गोष्ट आवर्जून तपासून घ्यावी. काही वर्षांपूर्वी एका घरात गिझरचे सॉकेट उघडले, तेव्हा अर्थच्या तारेचा पत्ता नव्हता, पण अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत दोन इंचांचा तांबड्या तारेचा तुकडा नीटनेटका जोडलेला होता. टेस्टर आणि मीटर दोन्हींना ते अर्थिंग उत्तम दिसत होते. अशा जोडणीत एलिमेंटची गळती न्यूट्रलमधूनच परत येते, त्यामुळे आरसीसीबीला ती दिसत नाही. आणि न्यूट्रल अलीकडे कुठे निसटली, तर गिझरच्या आतूनच फेज त्या तुकड्यावाटे टाकीवर येते. हा तुकडा ज्याने लावला, त्याने ग्राहकाची तक्रार मिटवली असेल, पण त्याने त्या घरात एक सापळा ठेवला. आपल्या घरात असा तुकडा निघाला, तर अर्थची खरी तार ओढेपर्यंत गिझर वापरू नये.

प्रश्न : पावसाळा लागला की आमचा आरसीसीबी दिवसातून चार वेळा पडतो. वायरमन म्हणतो, “तीसचा फार नाजूक असतो, शंभरचा टाकू.” तसे करावे का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : करू नये. १०० आणि ३०० मिलिअँपिअरचे खटके गळतीतून आग लागू नये म्हणून मुख्य पुरवठ्यावर लावतात, माणसाला वाचवण्यासाठी नाहीत. १०० मिलिअँपिअरचा खटका ५० मिलिअँपिअर गळतीला हलणार नाही, आणि छातीतून ५० मिलिअँपिअर काही सेकंद गेले तर माणूस दगावू शकतो. मुख्य बोर्डात शंभरचा असण्यास हरकत नाही, पण त्याच्या पुढे घरासाठी तीसचा असलाच पाहिजे. आपल्या बोर्डातल्या खटक्यावर कोणता आकडा आहे, तो आजच वाचून पाहावा. बिल्डरने लावलेला खटका शंभरचा निघतो आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही नसतो, असे बऱ्याच ठिकाणी आहे.

कोकणातल्या पावसात बाहेरच्या भिंतीवरचे दिवे, गच्चीतले जोड, पंपाची केबल यांत ओल शिरते आणि आरसीसीबी खरे तेच सांगत असतो. शोध घेण्यासाठी आधी सर्व पिना काढाव्यात आणि एकेक लावत जावे. पिना काढल्यावरही तो पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. इथे वायरमनचीही एक चूक होते : सर्व एमसीबी बंद केल्या तरी आरसीसीबी पडतो, म्हणून तो खटकाच खराब ठरवला जातो. घरातल्या बहुतेक एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीत अर्थला टेकली असेल तर त्यानेही आरसीसीबी पडतो. हा दोष शोधून काढलाच पाहिजे. न्यूट्रल अर्थला टेकलेली असताना खऱ्या गळतीचा काही भाग त्या वाटेने पुन्हा कड्यातून परत येतो आणि खटका हवा तेव्हा पडण्यास कचरतो.

कधी कधी दोष कुठेच नसतो. संगणक, एलईडी दिवे, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडी गळती नेहमीच अर्थमध्ये जात असते आणि तिची बेरीज १५ मिलिअँपिअरच्या आसपास गेली, की खटका जरा कशानेही पडतो. त्यावर घराचे दोन भाग करून दोन आरसीसीबी लावणे हा उपाय आहे. खर्च होतो, पण एका खटक्याने अर्धेच घर अंधारात जाते, ही सोयही मिळते. खटका काढून तारा सरळ जोडून घेणे, ज्याला ‘बायपास’ म्हणतात, ते कोणत्याही परिस्थितीत करू नये.

प्रश्न : आमचे घर पत्र्याचे आहे. शेजारच्या वस्तीत गेल्या वर्षी कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरून एक माउली गेली. मीटरच्या पुढे आरसीसीबी लावला, तर आमच्याकडे असे होणार नाही ना? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : हे पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो. आपल्याला खोटा दिलासा देणे मला शक्य नाही. आरसीसीबी फक्त त्याच्या पुढच्या तारांवर लक्ष ठेवतो. खांबापासून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर त्याच्या अलीकडे असते. ती वाऱ्याने पत्र्याच्या कडेवर घासून सोलली गेली आणि पत्र्यात करंट उतरला, तर तो प्रवाह घरातल्या खटक्यातून गेलेलाच नसतो. खटका पडला, तरी पत्रा जिवंतच राहील, कारण वीज खांबावरून येते आहे. कपडे वाळत घालायची लोखंडी तार त्या पत्र्याला किंवा त्या अँगलला बांधलेली असते, आणि ओले कपडे, ओले हात, ओले अंगण असे सगळे त्या क्षणी एकत्र येते.

म्हणून आपल्या घरासाठी आरसीसीबीच्याही आधी करावयाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. कपड्यांसाठी धातूची तार काढून नायलॉनची दोरी बांधावी. तिला शंभर रुपयेही लागत नाहीत. सर्व्हिस वायर पत्र्याला कुठेही टेकणार नाही अशा रीतीने, चिनी मातीच्या चिमणीवर (इन्सुलेटरवर) आणि वेगळ्या आधारतारेवर ताणून घ्यावी आणि ती पत्र्यातून आत शिरते तिथे पाइप घालावा. वायरीला मध्ये जोड असेल, तर महावितरणकडे वायर बदलून मागावी. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तो निरोप समजावा, घराबाहेर राहावे आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार करावी. एवढे झाल्यावर मीटरच्या पुढे आरसीसीबी अवश्य लावावा. पंखा, कूलर आणि पाण्याची मोटर यांच्यापासून तो खरोखर वाचवतो, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात लोखंडी कूलरने घेतलेले बळी थोडे नाहीत.

शेतातल्या तुटून पडलेल्या तारेलाही हेच लागू आहे. घरातल्या किंवा स्टार्टरच्या पेटीतल्या कोणत्याही खटक्याचा तिच्यावर अधिकार नाही. तिचा पुरवठा रोहित्रावरून, म्हणजे गावात ज्याला डीपी म्हणतात तिथूनच, किंवा त्याही मागून तोडावा लागतो, आणि ते काम महावितरणच्या माणसाचे आहे.

प्रश्न : वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालते. त्या वेळी आरसीसीबी काम करतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जोडणी पाहिल्याशिवाय ‘हो’ म्हणता येत नाही. बहुतेक घरांत आरसीसीबी मुख्य पुरवठ्यावर असतो आणि इन्व्हर्टर त्याच्या पुढे. बॅटरीवर असताना वीज इन्व्हर्टरमध्येच तयार होते, ती फेजच्या बाजूने आरसीसीबीतून आलेली नसते, आणि त्या वेळी टेस्टचे बटण दाबले तरी काहीच होत नाही, कारण खटक्याच्या दोन टोकांमध्ये दाबच नसतो. अनेक इन्व्हर्टरांत न्यूट्रल सरळ जोडलेली असल्यामुळे बॅटरीवरही जमिनीवाटे शॉक बसू शकतो. इन्व्हर्टरच्या पुढे, त्याच्या ओळीवर वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावावा, त्या ओळीची न्यूट्रल घरातल्या इतर न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नये, आणि मुख्य पुरवठा बंद ठेवून, इन्व्हर्टर चालू असताना ठेकेदाराकडून टेस्टरने तो पाडून दाखवून घ्यावा. ‘पडेल’ या शब्दावर समाधान मानू नये.

प्रश्न : नवीन वॉशिंग मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत ‘टाइप ए’ आरसीसीबी लावा, असे लिहिले आहे. आमच्याकडे ‘टाइप एसी’ आहे. फरक काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : टाइप एसी फक्त साध्या, दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या प्रवाहाची गळती ओळखतो. इन्व्हर्टर मोटरच्या मशीनमध्ये बिघाड झाला, तर गळती एकाच दिशेच्या झोक्यांची असू शकते, आणि तशा गळतीने टाइप एसीचे कडे चुंबकीयदृष्ट्या भरून जाऊन खटका पडत नाही. टाइप ए ती ओळखतो. खटक्यावर चौकोनात नुसती नागमोडी रेघ असेल तर तो टाइप एसी, आणि तिच्याखाली अर्ध्या लाटांची दुसरी रेघ असेल तर टाइप ए. पुस्तिकेचे ऐकावे. विजेवर चालणारी मोटार घरी चार्ज करणाऱ्यांनी तर चार्जरच्या कंपनीने सांगितलेला प्रकारच लावावा, कारण तिथे सरळ डीसी प्रवाहाच्या गळतीचा प्रश्न येतो आणि टाइप एही त्याला पुरत नाही.

प्रश्न : शॉक बसला, आरसीसीबी लगेच पडला आणि माणूस ठीक दिसतो आहे. तरी डॉक्टरांकडे जावे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : झटका क्षणिक असेल, अंगावर खूण नसेल आणि काहीच त्रास नसेल, तर घाबरण्याचे कारण सहसा नसते. पण शुद्ध हरपली असेल, छातीत धडधड किंवा दुखणे असेल, त्वचेवर जळाल्याची बारीकशी जरी खूण असेल, प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल, माणूस पडला असेल, हृदयाचा जुना आजार असेल किंवा बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्यावा. त्वचेवरची खूण लहान असली, तरी आत स्नायू भाजलेले असू शकतात. इचलकरंजीच्या वाचकांनी आपल्या बंधूंना अजून दाखवले नसेल, तर त्यांनीही दाखवून घ्यावे. आणि कोणी बेशुद्ध पडून श्वास थांबला असेल, तर आधी मेन स्विच बंद करावा, आरसीसीबी पडलेला दिसला तरीही करावा, मगच त्याला हात लावावा. १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगून आपण छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि रुग्णवाहिका दारात येईपर्यंत थांबू नये.